आजोबांची औटकी आणि 0.93 चा कोहेरन्स: माझं कुठे चुकतंय?

गिरगावकर_चाळवाला
शेवटच्या वर्षाचा प्रोजेक्ट आहे. आठ चॅनलचा ईईजी (डोक्यावरून मेंदूतल्या विजेच्या लहरी टिपणारा) बोर्ड आणि प्रयोगाला आजोबा, वय 81. पावकी-निमकीपासून औटकीपर्यंत, म्हणजे साडेतीनच्या पाढ्यापर्यंत, सगळं तोंडपाठ. ‘सतरा साडेतीन?’ विचारलं, की माझा हात मोबाईलकडे जायच्या आत ‘साडेएकोणसाठ’!

डोक्यात हिशेब चालू असताना कपाळाकडच्या आणि मागच्या भागातल्या थीटा लहरी, म्हणजे 4 ते 8 हर्ट्झच्या, एका तालात येतात का ते बघायचं होतं. एक इलेक्ट्रोड पुढे एफझेडवर, दुसरा मागे पीझेडवर, रेफरन्स (ज्याच्याशी तुलना करून मोजायचं तो बिंदू) डाव्या कानाच्या पाळीला. कोहेरन्स, म्हणजे दोन लहरींचा ताल किती जुळतो त्याचा 0 ते 1 मधला आकडा, आला 0.93. मी पेढे आणायच्या बेतात होतो. मग सहज आजोबांना नुसतं बसवून ठेवलं, तर 0.92. थोड्या वेळाने ते चक्क घोरायला लागले. तरी 0.92!

परळची_ईईजीवाली
आधी सांग, आजोबांच्या डोक्याला तेल असतं ना? तेलकट कातडीवर पेस्ट धरत नाही. आदल्या रात्री शाम्पू, सकाळी काही म्हणजे काही लावायचं नाही. इंपिडन्स (कातडी आणि इलेक्ट्रोडमधला विजेचा अडथळा) 5 किलोओहमच्या आत आण. लॅपटॉपचा चार्जर काढून ठेव, नाहीतर 50 हर्ट्झची गुणगुण सगळीकडे.

आणि कानाची क्लिप हलवून बघ. प्रत्येक चॅनल म्हणजे ‘तो बिंदू वजा कान’. क्लिप ढिली असली, की तिचीच खरखर आठही चॅनलमध्ये शिरते आणि सगळे एकमेकांचे जुळे भाऊ दिसतात. सुरुवातीला डोळे मिटायला लाव. डोक्याच्या मागच्या ओ1-ओ2 या जागांवर 8 ते 13 हर्ट्झची अल्फा फुगली पाहिजे, उघडल्यावर बसली पाहिजे. 1924 मध्ये माणसाचा पहिला ईईजी घेणाऱ्या हान्स बर्गरनेच ही अल्फा टिपली. ती दिसत नसेल तर पुढचं गणित करूच नकोस.

फेज_फरक
ताईंचं बरोबर आहे, पण सरासरीसाठी रेकॉर्डिंगचे तुकडे किती पाडलेस? एकच तुकडा घेतला तर कोहेरन्स नेहमी बरोब्बर 1 येतो, मग डोक्याऐवजी भोपळ्याला वायरी लाव. तुकडे कमी, तितका आकडा खोटा फुगतो. आजच्या एफझेडची जोडी कालच्या पीझेडशी लावून बघ. तरीही आकडा मोठा आला, तर दोष हिशेबाचा.

दुसरं म्हणजे कवटी. आत एकाच जागी उठलेली लहर दोन्ही इलेक्ट्रोडना त्याच क्षणी पोचते. ताल जुळलेला दिसतो, पण दोन जागा एकमेकींशी बोलतच नसतात. म्हणून कोहेरन्सचा काल्पनिक (इमॅजिनरी) भाग बघ. नोल्टे आणि सहकाऱ्यांनी 2004 मध्ये सुचवलेला. दोन्हीकडे वेळेच्या शून्य फरकाने येणारं सगळं त्यात गळतं. खरोखर शून्य फरकाने जुळलेलंही गळतं, तो तोटा सोसायचा.

आणि औटकी हे पाठांतर झालं, हिशेब नव्हे. ते पुटपुटत असतील तर जबड्याचे स्नायूच मोजतोयस. 47 गुणिले 6 विचार, उत्तर मनात धरायला सांग.

गिरगावकर_चाळवाला
तेल होतं. खोबरेल, भरपूर. क्लिपही ढिली. आणि लाजत सांगतो, तुकडे फक्त दोन होते. कालच्या-आजच्या जोडीनेही 0.6 दिलं!

आता 60 तुकडे, काल्पनिक भाग हिशेबात 0.11, नुसतं बसल्यावर 0.09. अदलाबदलीतही तेवढंच येतं, म्हणजे हातात काही नाही. गाईडना उद्या सांगतो. ‘औटकी म्हणजे पाठांतर’ हे मात्र आजोबांनी वाचलंय. 47 गुणिले 6 चं उत्तर देणार नाही म्हणतात.