सॅटचे गुण ‘ऐच्छिक’ असतील, तर 1390 पाठवावेत की पाठवूच नयेत?

गोदाकाठ (प्रश्न)

नमस्कार. माझी मुलगी नाशिकच्या एका कनिष्ठ महाविद्यालयात राज्य मंडळाच्या अकरावी विज्ञान शाखेत शिकत असून, बारावीनंतर जीवशास्त्र आणि पर्यावरणशास्त्र शिकण्यासाठी अमेरिकेत अर्ज करण्याचा तिचा विचार आहे. दहावीला तिला 94 टक्के होते. मार्चमध्ये तिने पहिल्यांदा सॅट (अमेरिकेतील पदवी प्रवेशासाठीची प्रमाणित परीक्षा) दिली आणि 1600 पैकी 1390 गुण मिळाले, म्हणजे गणितात 750 आणि वाचन-लेखनात 640. तिच्या यादीत मेन राज्यातील बोडिन आणि बेट्स ही दोन लहान महाविद्यालये, डार्टमथ हे नामांकित महाविद्यालय आणि कॅलिफोर्निया विद्यापीठाची दोन संकुले आहेत.

यांतील काही ठिकाणी सॅटचे गुण पाठवणे ‘ऐच्छिक’ आहे, म्हणून दोन सल्लागारांना विचारले. एकाचे म्हणणे असे की ‘ऐच्छिक’ म्हणजे सक्तीच, फक्त सभ्य भाषेत सांगितलेली. दुसऱ्याने सांगितले की 1390 पाठवलेत तर अर्ज तिथेच संपला. आपल्याला ‘ऐच्छिक’ची ओळख प्रश्नपत्रिकेतल्या ‘कोणतेही तीन सोडवा’ एवढीच. तिथे चौथा प्रश्न का सोडवला नाही, असे कोणी विचारत नाही. इथे न पाठवलेल्या गुणांचा अर्थ लावला जातो का? आणि आम्हाला आर्थिक मदतीशिवाय हे शिक्षण परवडणारे नाही, हेही सांगून ठेवते.

एडिसनहून

ताई, माझ्या थोरल्याचे अर्ज 2021 मध्ये आणि धाकटीचे 2024 मध्ये गेले. या दोन्हींच्या मधल्या काळात नियम इतके बदलले की थोरल्याच्या अनुभवाचा धाकटीला फारसा उपयोग झाला नाही, त्यामुळे आधी तुमच्या यादीतली महाविद्यालये वेगवेगळी करून पाहू.

कॅलिफोर्निया विद्यापीठ सॅटचे गुण पाहतच नाही. 2020 च्या मे महिन्यात तिथल्या नियामक मंडळाने ही परीक्षा प्रवेशप्रक्रियेतून काढून टाकण्याचे ठरवले, आणि तेही प्राध्यापकांच्या समितीने ‘हे गुण विद्यार्थ्याच्या पुढील कामगिरीचा चांगला अंदाज देतात’ असे सांगितलेले असताना. तेथे 1390 काय आणि 1590 काय, सारखेच. मात्र परदेशी विद्यार्थ्यांना तेथे गरजेवर आधारित मदत जवळजवळ मिळत नाही, तेव्हा ती दोन संकुले यादीत का आहेत, याचा तुम्हीच विचार करावा.

डार्टमथने फेब्रुवारी 2024 मध्ये परीक्षा पुन्हा सक्तीची केली. त्याआधी 2022 मध्ये एमआयटी या अमेरिकेतील तंत्रज्ञान संस्थेने तेच केले होते. प्रत्येक विद्यार्थ्याला कलन (कॅल्क्युलस) आणि कलनावर आधारलेले भौतिकशास्त्र शिकावेच लागत असल्याने, गणिताची तयारी आधी कळणे आवश्यक आहे, असे त्यांचे कारण होते. पुढे ब्राऊन, हार्वर्ड, कॅलटेक, स्टॅनफर्ड असे एकेक परतले, आणि प्रिन्स्टननेही ऑक्टोबर 2025 मध्ये परतण्याचे जाहीर केले. कोलंबियाने मात्र ऐच्छिक धोरण कायम ठेवले आहे.

बोडिन आणि बेट्स यांचे ‘ऐच्छिक’ महासाथीतून आलेले नाही. बोडिनने 1969 मध्ये आणि बेट्सने 1984 मध्ये ही अट काढली. इतकी वर्षे गुणांशिवाय अर्ज वाचण्याची सवय असलेल्या कार्यालयाचे ‘ऐच्छिक’ आणि 2020 मध्ये परीक्षा केंद्रे बंद पडली म्हणून नाइलाजाने स्वीकारलेले ‘ऐच्छिक’ यांत फरक आहे. माझ्या मते पहिल्या प्रकारावर विश्वास ठेवावा. दुसऱ्या प्रकाराचा महाविद्यालयांना एक आनुषंगिक लाभही झाला: हार्वर्डकडे येणारे अर्ज एका वर्षात सुमारे 40 हजारांवरून 57 हजारांच्या वर गेले, जागा मात्र तेवढ्याच राहिल्या.

आता 1390 चे. महाविद्यालये प्रवेश मिळालेल्यांपैकी मधल्या पन्नास टक्के विद्यार्थ्यांच्या गुणांचा पट्टा प्रसिद्ध करतात आणि सगळे पालक त्याकडे पाहून घाबरतात. पण ज्यांनी गुण पाठवले त्यांचाच तो पट्टा असतो. कमी गुणांच्या मुलांनी पाठवणे थांबवले की पट्टा वर सरकतो, त्याकडे पाहून पुढच्या वर्षी आणखी मुले थांबतात, आणि तो पुन्हा वर सरकतो. डार्टमथच्या प्राध्यापकांच्या अभ्यासात नेमके हेच आढळले की साधनांची कमतरता असलेल्या पार्श्वभूमीतील काही मुलांनी 1400 च्या आसपासचे गुण लपवले, आणि ते पाठवले असते तर त्यांच्या प्रवेशाची शक्यता वाढली असती. कारण तेथे गुण त्या मुलाच्या शाळेच्या आणि परिसराच्या तुलनेत वाचले जातात.

सांगली ते न्यू इंग्लंड

मी सध्या एका लहान महाविद्यालयात तिसऱ्या वर्षाला आहे आणि मी गुण पाठवले नव्हते, म्हणून थोडा वेगळा सूर लावते. माझे गुण तुमच्या मुलीपेक्षा कमी होते. प्रवेश मिळाला, आर्थिक मदतही मिळाली, आणि येथे आल्यापासून त्या परीक्षेविषयी मला कोणीही विचारलेले नाही.

बेट्सचे माजी प्रवेश अधिष्ठाता विल्यम हिस यांनी 2014 मध्ये अशा 33 संस्थांतील विद्यार्थ्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला होता. गुण पाठवणारे आणि न पाठवणारे यांच्या पदवीच्या गुणांच्या (4 पैकी मोजल्या जाणाऱ्या) सरासरीत केवळ 0.05 चा फरक त्यात दिसला. एडिसनच्या काकांनी उल्लेखलेले अभ्यास अतिशय निवडक विद्यापीठांचे आहेत. तेथील निष्कर्ष सरसकट सर्वांना लावू नयेत, असे मला वाटते. शिवाय, तयारीवर हजारो रुपये खर्च करू शकणाऱ्या मुलांशी माझी स्पर्धा ‘समान’ होती, हे मी कधीच मान्य करणार नाही.

खडूफळा

मी तीस वर्षे कनिष्ठ महाविद्यालयात जीवशास्त्र शिकवले आणि निवृत्तीपूर्वी परदेशी अर्ज करणाऱ्या मुलांची शिफारसपत्रेही लिहिली. आपण तिघेही सॅटविषयी बोलत आहोत, परंतु सॅट नसेल तर त्या अर्जात उरते काय, हा खरा प्रश्न आहे.

अमेरिकेतील महाविद्यालय नववीपासूनची गुणपत्रके मागते. आपल्याकडे अकरावीचे वर्ष कोणी मनावर घेत नाही. क्लास आणि कॉलेज ‘इंटिग्रेटेड’ असेल तर मूल वर्गात येतच नाही, आणि अकरावीचे गुण म्हणजे बहुतेकदा कार्यालयाने उरकलेला उपचार असतो. बारावीचा निकाल अर्जाच्या वेळी हातात नसतो, म्हणून अंदाजित गुण द्यावे लागतात, आणि ते कोणत्या आधारावर दिले, हे आमच्यापैकी अनेकांना सांगता आले नसते. समुपदेशक नसतो, त्याचे पत्र प्राचार्यांच्या नावाने कोणीतरी लिहितो. ‘सदर विद्यार्थिनी हुशार, कष्टाळू व आज्ञाधारक आहे’ हे वाक्य मी स्वतः किती वेळा लिहिले, याची मोजदाद नाही. समोरच्या अधिकाऱ्याला नाशिकचे ते महाविद्यालय माहीत असण्याची शक्यता कमी, मंडळाचे 94 टक्के दुर्मीळ की सर्रास हेही त्याला ठाऊक नसते. अशा अर्जात सॅटचा आकडा ही त्याला ओळखीची वाटणारी एकमेव गोष्ट असते.

सांगलीच्या मुली, तू यशस्वी झालीस याचा मनापासून आनंद आहे. पण तुझ्या शाळेत समुपदेशक होता का?

परीक्षा श्रीमंतांना झुकते माप देते, हे मान्यच. परंतु निबंध, उपक्रम, शिफारसपत्रे यांनाही पैसा लागतो, किंबहुना अधिक लागतो. 2021 मध्ये आपल्याकडे दहावीची परीक्षा रद्द झाली आणि अकरावीसाठी योजलेली सीईटीही मुंबई उच्च न्यायालयाने ऑगस्टमध्ये रद्द ठरवली. त्या वर्षी अंतर्गत मूल्यमापनाने आमच्या वर्गात आलेली मुले मी पाहिली आहेत; कोणाला काय येते हे कळायला आम्हाला दिवाळी उजाडली. नोव्हेंबर 2025 मध्ये सॅन डिएगोच्या कॅलिफोर्निया विद्यापीठातील प्राध्यापक-प्रशासनाच्या अहवालाने जवळपास हीच तक्रार मांडली: शालेय पातळीहून कच्चे गणित असलेल्या नव्या विद्यार्थ्यांची संख्या पाच वर्षांत सुमारे तीसपट झाली. महासाथ आणि शाळांतील फुगवलेले गुण यांच्या बरोबरीने परीक्षा काढून टाकणे हेही कारण त्यात नोंदवले आहे.

सांगली ते न्यू इंग्लंड

होता, सर. बारावीला मी निवासी शाळेत होते आणि तेथे समुपदेशक माझा अर्ज तीन महिने माझ्यासोबत तपासत होते. हा फरक मी लिहायला हवा होता. गुण पाठवण्याची सक्ती नसावी, या मतावर मी अजूनही आहे. फक्त या अर्जासाठी माझे उदाहरण घेऊ नये.

गोदाकाठ

सर, ते आज्ञाधारक वाचून हसू आले, कारण आमच्या हातात आलेल्या मसुद्यात तोच शब्द आहे. मग बोडिन आणि बेट्सलाही 1390 पाठवावेतच का?

एडिसनहून

आज उत्तर देऊ नका. तिचा वाचन-लेखनाचा भाग 640 वर आहे आणि वाढायला जास्त जागा आहे ती याच भागात. ऑगस्टमध्ये पुन्हा देऊ द्या. निकाल सुमारे दोन आठवड्यांत येतो, आणि लवकर अर्ज करण्याच्या 1 नोव्हेंबरच्या मुदतीआधी ऑक्टोबरची परीक्षा हाताशी राहते. वाढले तर प्रश्नच मिटला. 1390 वरच राहिले, तरी तिच्या महाविद्यालयाचा विचार करता बोडिनला मी पाठवीन. शिवाय बोडिन 2022 पासून परदेशी विद्यार्थ्यांचाही प्रवेश ठरवताना त्यांची आर्थिक स्थिती पाहत नाही. बेट्स ती विचारात घेते, म्हणजे मदत मागणाऱ्या मुलीचा अर्ज तिथे अधिक भक्कम असावा लागतो, तेथेही पाठवीन.

डार्टमथ परदेशातील शाळांच्या विद्यार्थ्यांकडून सॅटऐवजी समकक्ष राष्ट्रीय परीक्षेचे गुण स्वीकारते. आपले राज्य मंडळ त्यात बसते का, हे मुलीनेच प्रवेश कार्यालयाला ईमेलने विचारावे. पालकांनी लिहू नये. आणि सर, तुम्हाला वेळ असेल तर ताईंच्या मुलीच्या शिक्षकांना फोन करून पाहा, तो मसुदा अजून बदलता येईल.

खडूफळा

ताईंनी निरोपातून शिक्षकांचा क्रमांक कळवावा. शिवाय मुलीने प्रयोगवहीत किंवा गोदाकाठी स्वतः काय पाहिले, त्याच्या दोन-तीन घटना आधी मला लिहून पाठवाव्यात. पत्रात घालण्यासारखे त्यातूनच सापडेल.