पैसा आला की भेदभाव सरतो का?

माणदेशी
आमच्या गोठ्यातल्या कोनाड्यात कान तुटलेला एक कप पालथा असायचा. सुगीला कामाला येणाऱ्या एका आजोबांचा. चहा प्यायचा, कप आपणच विसळायचा, परत कोनाड्यात ठेवायचा. पुढे त्यांचा मुलगा एसटीत ड्रायव्हर लागला, घरावर पत्रा आला, आणि ज्या माझ्या चुलत्यांनी त्यांना कधी ओट्यावर चढू दिलं नव्हतं, तेच "या, बसा" म्हणू लागले. चुलत्यांचं मन पालटलं असं मला वाटत नाही. आजोबांना आमच्या रोजाची गरज उरली नव्हती, एवढंच.

म्हणून माझं मत स्पष्ट आहे: भेदभावाचं मूळ आर्थिक विषमतेत आहे. जमीन ज्याची, विहीर त्याची आणि विहीर ज्याची, गावात शब्दही त्याचाच. आंबेडकरी चळवळीतले नेते दादासाहेब गायकवाड यांनी १९५९ आणि १९६४ साली भूमिहीनांचे सत्याग्रह केले ते उगाच नाही. तेव्हा जमीन नीट वाटली गेली असती तर निम्मं काम झालं असतं.

गिरणगावची लेक
सहमत नाही. माझे आजोबा गिरणीत होते, म्हणून तिथलंच सांगते. मुंबईच्या गिरण्यांत अस्पृश्य कामगारांना विणकाम खात्यात घेत नसत. धोट्यात, म्हणजे मागावर आडवं सूत नेणाऱ्या लाकडी साधनात, सुताची नवी कांडी घातली की सुताचं टोक धोट्याच्या भोकातून तोंडाने ओढून घ्यावं लागे. एकाने ओठ लावलेल्या धोट्याला दुसऱ्याने ओठ कसे लावायचे, म्हणून ते खातं बंद. आणि पगार त्याच खात्यात जास्त!

एकाच भोंग्याला धावणारी, सारखीच कर्जात बुडालेली ही माणसं. जमीनदार नाही, वाडा नाही, तरीही धोटा बाटत होता. १९२८ च्या संपात बाबासाहेबांनी हाच प्रश्न कामगार पुढाऱ्यांपुढे ठेवला. ज्याला ते खातं मिळालं नाही, त्याच्या मुलांची शाळा त्या पगारापायीच सुटली असेल. आधी विटाळ, मग गरिबी. तुम्ही क्रम उलटा लावताय.

माणदेशी
धोट्याची गोष्ट मी नाकारत नाही. पण जास्त पगाराची जागा आपल्याच भाऊबंदांत राखायची होती, त्याला विटाळ कामी आला, असंही म्हणता येईल ना? भांडण शेवटी रोजीचंच.

तिसरा मजला
राखायला काहीच नसतं तेव्हाही विटाळ असतो. आम्ही नवरा-बायको दोघंही आयटीत. गेल्या वर्षी पुण्यात फ्लॅट बघत होतो. घर पसंत, डिपॉझिट तयार. मालकीणबाईंनी आधी आडनाव विचारलं, मग मूळ गाव, मग घरात फोटो कुणाचा लावता. संध्याकाळी एजंटचा फोन आला, मालकांचे नातेवाईक राहायला येणार आहेत. तो फ्लॅट पुढे दोन महिने रिकामाच होता, म्हणजे भाडं त्यांचंच बुडलं. कोलंबिया आणि लंडनला शिकून आलेल्या बाबासाहेबांना १९१७ साली बडोद्यात राहायला जागा मिळाली नव्हती, हे शाळेत वाचलं होतं. माझी बायको त्या रात्री जेवली नाही.

वैनगंगाकाठ
आणि खैरलांजी? भंडारा जिल्हा, २९ सप्टेंबर २००६. त्या दलित कुटुंबाकडे स्वतःची शेती होती, मुलगी शिकत होती. आई, मुलगी आणि दोन मुलगे, चौघांना मारलं. ते लाचार राहिले असते तर कदाचित जगले असते. माणदेशी, तुमच्या आजोबांना ओटा मिळाला, कारण त्यांनी चुलत्यांशी बांधावरून भांडण काढलं नव्हतं.

बालाघाटचा मास्तर
मी बीडकडचा. दिवाळीनंतर माझा वर्ग निम्मा रिकामा होतो. आईबापांनी ऊसतोडीसाठी उचल, म्हणजे आगाऊ पैसे, घेतलेली असते, पोरं त्यांच्यासोबत साखर कारखान्यावर जातात. तिथले गावकरी जात विचारत बसत नाहीत. ऊसतोडे म्हटलं की हापशावर सगळ्यात शेवटी. वंजारी, मराठा, बौद्ध, सगळ्यांना एकच वागणूक. ही गरिबीने लादलेली अस्पृश्यताच आहे, तेवढ्यापुरते माणदेशी बरोबर आहेत.

पण दोन पोरांना परत आणायला मी तळावर गेलो होतो. ऊसतोड्यांच्या चाळीसेक कोप्या, म्हणजे झोपड्या. माझा विद्यार्थी बोट दाखवून सांगत होता, "सर, ह्या आमच्या, पलीकडल्या त्यांच्या." मधे बैल बांधायला जागा सोडलेली. उचल सारखी, कोयता सारखा, पहाटेची थंडीही सारखीच.

माणदेशी
जमिनीचा मुद्दा मी सोडणार नाही. पण वैनगंगाकाठ यांचं वाचून आत्ता आईला फोन केला. विचारलं, आजोबा ओट्यावर बसायला लागले तेव्हा आपण चहा कशात देत होतो? म्हणाली, "स्टीलचा नवा पेला आणला होता की त्यांच्यासाठी." ठेवायचो कुठे, विचारलं.

"गोठ्यातच."