आरसा हलवायची गरज नाही

मखरावर लेझरचा ठिपका फिरवायला हलता आरसाच हवा का? नको. एका कडेला जाड, दुसऱ्या कडेला पातळ अशा दोन गोल काचा एकामागे एक ठेवून जागच्या जागी फिरवा. साध्या काचेची अशी एक पाचर, दोन्ही पृष्ठांमधला कोन 4 अंश असेल तर, आरपार जाणारा किरण सुमारे 2 अंश वळवते. जाड कडा एकाच बाजूला आल्या की 4 अंश, विरुद्ध बाजूंना गेल्या की शून्य. गिरगावातल्या आमच्या खोलीत 3 मीटरवरच्या भिंतीवर ठिपका मध्यापासून 21 सेंटिमीटर सरकला. दोन्ही उलट दिशांनी सारख्याच वेगाने फिरवल्या की सरळ रेघ. वेग वेगळे ठेवले की पाकळ्या! (आईला रांगोळीच वाटली.) खोड एकच: काचा तंतोतंत सारख्या नसल्या तर ठिपका मधोमध येतच नाही, नुसता भोवती घिरट्या घालतो. आणि हो, लेझर पोरांच्या डोळ्यांच्या उंचीवर लावू नका.