हनुक्का हा ज्यूंचा सर्वात मोठा सण नाही

हनुक्का या ज्यूंच्या आठ दिवसांच्या सणाला कोणीतरी 'ज्यूंची दिवाळी' म्हटलंय. दिवे आहेत, मान्य, पण धार्मिकदृष्ट्या हा दुय्यम सण. त्या आठ दिवसांत कामधंदा चालू असतो. नाताळच्या आसपास येतो म्हणून अमेरिकेत त्याचं इतकं प्रस्थ वाढलं. खरा मान योम किप्पूरचा, म्हणजे प्रायश्चित्ताच्या दिवसाचा. सुमारे २५ तास अन्नपाणी वर्ज्य, प्रार्थना, वर्षभराच्या चुकांची क्षमायाचना. इस्रायलमध्ये विमानतळसुद्धा बंद, आणि रिकाम्या हमरस्त्यांवर पोरं सायकली दामटतात! १९७३ चं अरब-इस्रायल युद्ध याच दिवशी सुरू झालं.

गंमत म्हणजे कोकणातल्या बेने इस्रायलींच्या, म्हणजे तिथल्या मराठीभाषक ज्यूंच्या, जुन्या परंपरेत हनुक्का नव्हताच. योम किप्पूरला मात्र ते दारं लावून, पांढरे कपडे घालून घरात बसत. रोश हशनाला, म्हणजे ज्यू नववर्षाला, ते 'नव्याचा सण' म्हणत. पुढे खिरीचा सण, त्यात नारळाच्या रसातली खीर. पुरीम या वसंताच्या सुमारास येणाऱ्या ज्यू सणाला तर चक्क होळीचा सण म्हणत.

या सणांच्या तारखा दरवर्षी का सरकतात, असंही विचारलंय. ज्यू पंचांग चांद्र-सौर आहे. आपल्या अधिक मासासारखा जादा महिना १९ वर्षांत ७ वेळा घालतात, त्यामुळे पेसाख (इजिप्तच्या गुलामीतून सुटकेचा सण) वसंतातच राहतो.