एका एअरगनवर भागत का नाही? दुसरी घेण्याआधी विचारतोय

ऐरोलीकर

नमस्कार मंडळी. घरी .१७७ ची (४.५ मिमी नळीची) ब्रेक-बॅरल, म्हणजे नळी मोडून ताणायची स्प्रिंग रायफल आहे, वर ३-९×४० दुर्बीण बसवलेली. आता १० मीटर एअर पिस्तूल रीतसर शिकायचं ठरतंय. चौकशी केली तर ज्याच्या-त्याच्याकडे तीन-चार गन. एक मॅचची, एक लांबची, एक "सहज घेतली", एक बंद पडलेली. घरचे विचारतात, क्रिकेटवाला चार बॅटी ठेवतो तसंच का हे? उत्तर देता येत नाही.

१) एकच चांगली गन घेऊन सगळं का होत नाही?
२) पुढची घ्यायची तर स्प्रिंग, पीसीपी (दाबाची हवा आधीच सिलिंडरमध्ये भरलेली) की आणखी काही?
३) हॉल आणि पॅसेज मिळून सरळ ७ मीटर मिळतात. घरी सराव जमेल का?

---

स्प्रिंगवाला_कळवा

बॅटीचं उदाहरण चुकलं. चारही बॅटींनी एकच खेळ खेळता येतो. इथे गन बदलली की खेळच बदलतो. पॅरिस २०२४ मध्ये मनू भाकरने १० मीटर एअर पिस्तूलमध्ये कांस्य घेतलं आणि २५ मीटर पिस्तूलमध्ये ती चौथी आली. पहिल्यात हवेवर चालणारं ४.५ मिमीचं हत्यार, दुसऱ्यात .२२ काडतुसाचं. एकाने दुसऱ्याचं काम होतच नाही.

हवेपुरतं बोलू. १० मीटरच्या मॅच रायफलची ऊर्जा साधारण ७.५ जूल. हिशोब सोपा आहे: वजन (किलोत) गुणिले वेगाचा वर्ग, भागिले दोन. ०.५३ ग्रॅमचा चपट्या तोंडाचा पेलेट (छर्रा) सेकंदाला १६८ मीटरने गेला की ७.५ जूल होतात. मैदानी स्प्रिंग रायफल ०.५५ ग्रॅमचा गोल तोंडाचा पेलेट २४० मीटरने फेकते, म्हणजे जवळपास १६ जूल. दुप्पट जोर असलेली गन १० मीटरवर दुप्पट अचूक असेल, असं नवख्याला वाटतं. होतं नेमकं उलटं.

स्प्रिंग गनचा ट्रिगर सुटला की जड पिस्टन पुढे झेपावतो आणि गन मागे येते. पिस्टन टोकाशी हवेच्या उशीवर आपटला की गन पुढे हिसका खाते. यातला पहिला झटका पेलेट नळीत असतानाच बसतो. त्यामुळे तुमची पकड, गालाचा दाब, खांद्याचा दाब यातलं काहीही जरा बदललं की पेलेट दुसरीकडे जातो. रायफलच्या टार्गेटवरचा १० चा ठिपका अर्ध्या मिलिमीटरचा असतो. तिथे हा हिसका परवडत नाही. शिवाय मॅच ६० शॉट्सची, वर सरावाचे शॉट्स वेगळे. जोरकस ब्रेक-बॅरल तेवढ्या वेळा मोडून बघा, मग खांदा काय म्हणतो ते सांगा.

मॅच रायफलने लांब मारावं म्हटलं तर तेही नाही. १० मीटरला झीरो केलेली (नेम त्या अंतराला जुळवलेली) असेल तर ४० मीटरवर पेलेट साधारण वीतभर खाली लागतो. चपट्या तोंडाचा पेलेट २५ मीटरपुढे वाऱ्यावर वाहतो ते वेगळंच.

नियमांनीही गन वेगळ्या पडतात. मॅच रायफल ५.५ किलोपर्यंत चालते. पिस्तूल १५०० ग्रॅमच्या आत, ४२०×२००×५० मिमीच्या पेटीत मावणारं, ट्रिगर किमान ५०० ग्रॅम वजन पेलणारा, आणि फक्त ओपन साइट (साधी खाच आणि माशी). तुमची दुर्बीण तिथे कामाची नाही. आपल्याकडे रायफलमध्ये ओपन साइट आणि पीप साइट (बारीक भोकातून बघायची) असे वेगळे इव्हेंट होतात. ओपनमध्ये सुरुवात केलेला मुलगा वर्षभरात पीपवर गेला की घरात दोन रायफली झाल्याच.

एक बाब मात्र आपल्याकडे बचतीची आहे. बाहेरच्या देशांत लोक .१७७, .२२, .२५ अशा नळीच्या मापावरून गन वाढवतात. इथे आर्म्स रूल्स २०१६ प्रमाणे ४.५ मिमीपर्यंत आणि २० जूलपर्यंतच विनापरवाना. त्यापलीकडे परवाना. म्हणून आपल्याकडची वाढ होते ती साइट आणि हवा भरायच्या पद्धतीवरून.

---

पेलेट_आणि_पाना

वरचं सगळं बरोबर. पण लोकांकडे तीन-चार गन असायचं खरं कारण अर्ध्या वेळा इव्हेंट नसतोच. आहे ती गन "बिघडली" असं वाटतं आणि नवी येते. दुकानदार काही बोलणार नाही, त्याचा धंदा आहे. ऐरोलीकर, पुढची गन घेण्याआधी आहे त्या रायफलवर एक संध्याकाळ घालवा.

आधी स्टॉकचे स्क्रू. पुढचे दोन आणि ट्रिगर गार्डचे. स्प्रिंग गनमध्ये ते शंभर-दोनशे शॉट्समध्ये ढिले होतात आणि ग्रुप (एकाच नेमावरच्या शॉट्सचा घेर) रुपयाएवढा होता तो बशीएवढा होतो. बरोबर मापाच्या बिटने घट्ट करा, पण जीव खाऊन पिळू नका, लाकूड चेपतं. मग दुर्बिणीचे माउंट. रेलवर पेन्सिलची रेघ मारून ठेवा. वीस शॉट्सनंतर माउंट रेघेवरून सरकलेला दिसला तर दोष नळीचा नाही. आणि दुर्बीण एअरगनसाठीचीच हवी. बंदुकीची दुर्बीण मागे बसणारा धक्का सोसते, स्प्रिंग गनचा पुढचा हिसका तिची काच हलवतो. तुमची ३-९ जर पॅरॅलॅक्स (ती ज्या अंतराला नीट जुळते ते) बदलता न येणारी असेल तर ती बहुधा १०० यार्डांवर बसवलेली आहे. १० मीटरवर ती धूसर दिसणारच आणि डोळा जरा सरकला की क्रॉसही सरकणार. ९ ऐवजी ३ वर ठेवा, फरक लगेच कळेल.

ब्रीच सील (नळी मोडते त्या जोडातली रबरी चकती) बघायला जोडावर टिश्यू पेपरची पातळ पट्टी ठेवून एक शॉट मारा. पट्टी उडाली तर तिथून हवा गळते. सील स्वस्त असतं, गन नसते.

आता पेलेट. डब्यावर .१७७ लिहिलेलं असलं तरी डोक्याचा व्यास ४.४९ पासून ४.५२ मिमीपर्यंत बदलतो. एक-दोन शतांश मिलिमीटरने काय होतंय असं वाटेल, पण नळीला ते कळतं. तीन-चार प्रकारचे डबे आणा. प्रत्येक प्रकाराचे पहिले १०-१५ शॉट्स मोजू नका, नळीला सवय होऊ द्या. मग ५-५ शॉट्सचे तीन ग्रुप, तेही एकाच दिवशी. एका ग्रुपवर निकाल देऊ नका, पाचातला एक चांगला ग्रुप कोणाचाही येतो. टोकदार पेलेट दिसायला झकास, पण १० मीटरवर साध्या चपट्यापुढे टिकत नाहीत.

पकड: पुढचा हात मूठ करून आवळायचा नाही. उघड्या तळव्यावर रायफल नुसती ठेवायची आणि तिला उडायचं तसं उडू द्यायचं. टेबलाच्या कडेवर किंवा विटेवर टेकवलीत तर पेलेट नेमापेक्षा वर लागणार.

सगळ्यात महाग चूक तेलाची. कम्प्रेशन चेंबरमध्ये शिलाई मशीनचं किंवा इंजिनचं तेल घातलं की पिस्टनच्या दाबाने ते पेट घेतं. धूर, फटाक्यासारखा आवाज, कधी पेलेट नेहमीपेक्षा जोरात. लोक खूश होतात, "गन ताकदवान झाली". प्रत्यक्षात सील भाजतंय आणि स्प्रिंगचे हाल होतायत. चेंबरला लागलंच तर थेंबभर सिलिकॉन तेल, तेही क्वचित. आणि पेलेट न भरता ट्रिगर ओढायचा नाही. हवेची उशी तयार होत नाही, पिस्टन थेट धातूवर आपटतो.

एवढं करून ग्रुप सुधारला तर तिसऱ्या गनचे पैसे वाचले. न सुधारल्यास इथे फोटो टाका.

---

खारी_हवा_वाशी

प्रश्न दोनबद्दल. पिस्तुलात तुमच्यासमोर खरे दोनच पर्याय: सिंगल-स्ट्रोक किंवा पीसीपी. स्प्रिंगचं पिस्तूल स्वस्त पडतं, पण स्प्रिंगवाला_कळवा यांनी सांगितलेला हिसका एका हातात दुप्पट जाणवतो. मॅचसाठी ते विसरा.

सिंगल-स्ट्रोकमध्ये दर शॉटला एक दांडा पूर्ण उघडून मिटायचा. हवा बाहेरून आणावी लागत नाही, दाब दर वेळी सारखाच, हिसका नावाला. तोटा दमणुकीचा. ६० शॉट्स अधिक सायटर (सरावाचे शॉट्स) म्हणजे ८०-९० वेळा दांडा ओढणं, आणि मॅचला ७५ मिनिटं. शिकताना हे चालतं.

पीसीपी हातात सोपं, पण ती गन एकटी येत नाही. २०० बारपर्यंत हवा लागते. टायरवाल्याचा कॉम्प्रेसर दहा बारच्या आसपास संपतो, तिथे जाऊन हसू करून घेऊ नका. हँड पंप घ्यावा लागतो किंवा स्कूबाचं सिलिंडर. पंपाने ५०-६० दांडे मारले की दहा मिनिटं थांबायचं. पंप तापला की आतले ओ-रिंग (हवा अडवणाऱ्या रबरी रिंगा) जातात. आपल्या दमट हवेत पंपातून पाणीही आत जातं. पाणी गाळणारा फिल्टर असलेलाच पंप घ्या आणि मधूनमधून त्याचा ब्लीड उघडून ओल बाहेर सोडा. सिलिंडरवरून भरताना झडप हळूहळू उघडा. झटकन भरलं की हवा तापते, काटा २०० दाखवतो आणि गार झाल्यावर १८० वर येतो. कोणी ऑक्सिजनच्या बाटलीवरून भरून देतो म्हणाला तर तिथून निघा. ग्रीस आणि दाबातला ऑक्सिजन एकत्र आले की स्फोट होतो.

सेकंडहँड मॅच पिस्तूल बघताना लोक ग्रिप आणि ट्रिगर बघतात, सिलिंडरवरची तारीख बघत नाहीत. मॅच गनच्या सिलिंडरची मुदत बनावटीपासून १० वर्षांची असते. नवव्या वर्षातलं "स्वस्त" पिस्तूल घेतलं तर नव्या सिलिंडरचा खर्च त्यातच धरा. जोडावर साबणाचं पाणी लावा, बुडबुडा दिसतोय का बघा. रात्रभर ठेवून सकाळी काटा तपासा. ग्रिपचं माप आणि डावा-उजवा हेही बघा. मोठी ग्रिप कानशीने कमी करता येते, लहान वाढवायला पुट्टी भरत बसावं लागतं.

पीसीपीवाल्यांकडे दुसरी गन का दिसते तेही यातच आलं. मॅचच्या आदल्या रात्री ओ-रिंग सुटला तर हातात काहीतरी हवं. बरेच जण जुनी सिंगल-स्ट्रोक विकत नाहीत ती त्यासाठी. ही दुसरी गन मला रास्त वाटते. चौथी नाही.

आणि पावसाळा. खाडीकाठच्या इमारतींमध्ये जून ते सप्टेंबर निळं पॉलिश केलेल्या नळीवर आठवड्यात गंज धरतो. फोमच्या केसमध्ये बंद करून ठेवू नका, फोम ओल धरून ठेवतो. हात लागेल तिथे तेलाचा फडका फिरवा, कपाटात सिलिका जेल ठेवा. जितक्या गन तितके फडके, हेही घरच्यांना सांगा.

---

ऐरोलीकर

खारी हवा ताई, पेलेट-पाना दादा, आभार. स्क्रू खरंच ढिले निघाले, पुढचा एक तर बोटाने फिरत होता. सिंगल-स्ट्रोककडे कल होतोय. घरच्या ७ मीटरचं काय? आणि रायफल येऊरला नेऊन मोकळ्यावर झीरो केली तर?

---

स्प्रिंगवाला_कळवा

येऊर अजिबात नाही. तो संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचा भाग आहे. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ प्रमाणे अभयारण्यात किंवा राष्ट्रीय उद्यानात परवानगीशिवाय हत्यार घेऊन शिरणंच गुन्हा, मग गोळी झाडा वा न झाडा. एअरगन विनापरवाना आहे म्हणून सुटका नाही. तुमच्या ऐरोलीच्या खाडीकडेही तेच, तिथे फ्लेमिंगो अभयारण्य आहे. रायफल झीरो करायची तर रेंजवरच.

घरी ७ मीटर पिस्तुलाला पुरतात. पिस्तुलाच्या टार्गेटचा काळा भाग ५९.५ मिमीचा असतो, ७ मीटरला तो ४२ मिमीचा छापा म्हणजे साइटमधून १० मीटरसारखाच दिसेल. मध्य जमिनीपासून १.४ मीटरवर. मागे लाकडी खोका, आत १५-२० सेंमी घट्ट ठासलेल्या चिंध्या आणि तळाला ३ मिमीची लोखंडी पत्रा-प्लेट. चिंध्या दर काही शे शॉट्सनी उपसून पेलेट काढा, नाहीतर एकाच जागी शिसं साचतं आणि पेलेट उलटतो. हा खोका पिस्तुलापुरताच. १६ जूलची रायफल त्यावर मारायची नाही.

पॅसेजमध्ये दार उघडणारी खोली असेल तर कडी पॅसेजच्या बाजूने लावलेली हवी. त्या खोलीत कोणी असेल तर सराव बंद. डोळ्यांना चष्मा. झाडू मारू नका, शिशाची धूळ उडते, ओल्या फडक्याने पुसा. वडापाव हात धुऊनच.

---

पेलेट_आणि_पाना

भर एवढीच: घेण्याआधी क्लबच्या गनवर दोन-तीन महिने काढा. दादरच्या सावरकर स्मारकात रायफल क्लब आहे, ठाण्याहून लोकलने सोपं. तिथे दोन-तीन प्रकारच्या ग्रिप हातात येतात आणि आपला हात मीडियम की लार्ज हे पैसे न घालता कळतं. गन नेताना केसमध्ये, रिकामी, बिलाची प्रत सोबत. आणि तो बोटाने फिरणारा स्क्रू: काढून आटे साफ करा, सुटणाऱ्या प्रकारचं थ्रेडलॉक (स्क्रू ढिला होऊ न देणारा गोंद) थेंबभर लावून परत बसवा. मग आधीचेच पेलेट घेऊन पुन्हा तीन ग्रुप मारा आणि आकडे इथे लिहा.