सीन-झोन म्हणजे नक्की काय केलं तुम्ही माझं?

मांजलपूर (बडोदा), सोसायटीतल्या मराठी मंडळींचा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप

मंगलाकाकू (ए-१०३): परवा इथे विचारलं होतं की ह्यांच्या रेल्वेच्या फॅमिली पेन्शनसाठी हयातीचा दाखला द्यायचाय, रावपुऱ्याच्या बँकेत माझ्याबरोबर कोणी येईल का. एकाचंही उत्तर नाही. काल नातीला सांगितलं तर म्हणाली, "आजी, तुला सगळ्यांनी सीन-झोन केलं." म्हणजे नक्की काय केलं तुम्ही माझं?

शिर्केकाका (सेक्रेटरी): काकू, रागावू नका. पाण्याच्या टँकरच्या गडबडीत तुमचा मेसेज पार वर गेला.

नितीन (बी-२०२): सीन-झोन म्हणजे मेसेज वाचला पण उत्तर नाही दिलं. आमच्या ऑफिसातली पोरं "सीनवर सोडलं" म्हणतात.

मंगलाकाकू: मग आपलं "भाव दिला नाही" काय वाईट होतं?

ऋतुजा (सी-४०१): काकू, वाईट नव्हतं, पण या नव्या शब्दात एक गोष्ट जास्तीची आहे, पुरावा. पूर्वी पत्राला उत्तर आलं नाही तर "पोस्टात गहाळ झालं असेल" म्हणून मनाची समजूत घालता यायची. फेसबुकने २०१२ मध्ये मेसेजखाली "सीन" दाखवायला सुरुवात केली आणि ती सोय गेली. फिलिपिन्समधल्या मुलांनी "फ्रेंडझोन" (प्रेम मागणाऱ्याला नुसत्या मैत्रीतच ठेवणं) या शब्दाच्या चालीवर "सीन-झोन" केलं. इंग्रजीत "लेफ्ट ऑन रीड" म्हणतात. ब्राझीलमध्ये अशा माणसाला "पोकळीत सोडलं" म्हणतात, हा शब्द मला फार खरा वाटतो. बोलून झालंय, आणि समोरून काहीच येत नाही.

आपल्या व्हॉट्सअ‍ॅपवर, मेसेज वाचल्याची खूण म्हणून, निळी टिक नोव्हेंबर २०१४ मध्ये आली. लोकांनी इतका आरडाओरडा केला की ती बंद करायची सोय लगेच द्यावी लागली.

वसंतराव (ए-३०१): आमच्या पिढीत याला "अनुल्लेखाने मारणे" म्हणत. साहित्यिक मंडळींचं आवडतं शस्त्र. पण मला विचाराल तर हे सरळ वाळीत टाकणं आहे.

ऋतुजा: वसंतकाका, इथे मात्र मी अडून बसणार. वाळीत टाकणं म्हणजे जात पंचायतीने अख्ख्या घराशी व्यवहार तोडणं. लग्नाला बोलावायचं नाही, मयताला जायचं नाही, दुकानातून किराणासुद्धा द्यायचा नाही. त्यापायी माणसं गाव सोडून गेली आहेत. महाराष्ट्राने त्याविरुद्ध २०१६ मध्ये सामाजिक बहिष्कारविरोधी कायदा केला, तो जुलै २०१७ पासून लागू झाला. निळ्या टिकेला तो शब्द लावला तर ज्यांनी हे खरंच सोसलं त्यांचं दुःख आपण हलकं करतो.

वसंतराव: पटलं. शब्द मागे घेतो.

हेतल (सी-२०४): आमच्याकडे लहानपणी किट्टा करायचो. करंगळी दाखवून सांगायचं, तुझ्याशी किट्टा. मग दोन दिवसांनी बुच्चा. सासूबाई म्हणतात मराठीत कट्टी आणि बट्टी. पण तोंडावर सांगून व्हायचं ना सगळं.

ऋतुजा: हेतल, तू अगदी नेमकं बोललीस! इंटरनेटवर सुरुवातीला अगदी असंच होतं. १९८० साली यूझनेट नावाचं चर्चेचं जाळं सुरू झालं, अमेरिकेतल्या ड्यूक आणि नॉर्थ कॅरोलिना विद्यापीठांतून. तिथे भांडकुदळ माणसांचे मेसेज दिसूच नयेत म्हणून नावांची एक फाइल ठेवायचे, तिला "किलफाइल" म्हणत. लॅरी वॉलने १९८४ मध्ये लिहिलेल्या "आरएन" नावाच्या प्रोग्रॅममध्ये ही सोय होती. आणि एखाद्याला त्या फाइलीत टाकलं की चारचौघांत त्याला एकच शब्द लिहायचे, "प्लॉन्क". तळाशी काहीतरी पडल्याचा आवाज. म्हणजे किट्टाच, करंगळीऐवजी आवाज दाखवायचा.

आता म्यूट केलेलं कोणाला कळत नाही, ब्लॉक केलेलं सांगून येत नाही. माणूस नुसता नाहीसा होतो. म्हणून तर "घोस्टिंग" हा शब्द आला, भुतासारखं विरून जाणं. मेरियम-वेबस्टरच्या शब्दकोशात तो २०१७ मध्ये दाखल झाला. काकू, सीन-झोन आणि घोस्टिंग एक नव्हे बरं का. सीन-झोनमध्ये एका मेसेजला उत्तर नाही. घोस्टिंगमध्ये रोज बोलणारा माणूस कारण न सांगता संबंधच तोडतो. मला यातलं घोस्टिंग खरंच क्रूर वाटतं. दुसरा महिनोन्‌महिने "माझं काय चुकलं" हेच चाळत बसतो. नको असेल तर नको म्हणा, एक ओळ पुरते.

नितीन: आणि समोर बसून मोबाइलमध्ये डोकं घालतात त्याला?

ऋतुजा: "फबिंग". फोन आणि स्नबिंग, म्हणजे मुद्दाम दुर्लक्ष करणं, हे जोडून. हा शब्द ऑस्ट्रेलियात २०१२ मध्ये मॅक्वारी डिक्शनरीच्या प्रचारासाठी एका जाहिरात कंपनीने मुद्दाम घडवून घेतला. पसरला मात्र जगभर.

जपानचं सांगायचं राहिलं. तिथे "किदोकु सुरू" म्हणतात. किदोकु म्हणजे वाचलेलं, आणि सुरू म्हणजे इंग्रजी "थ्रू", तसंच पुढे जाऊ दिलेलं. तिथलं लाइन हे अ‍ॅप जून २०११ मध्ये आलं, मार्चमधल्या भूकंप आणि त्सुनामीनंतर. संकटात सापडलेल्याला उत्तर लिहिणं जमलं नाही तरी त्याने मेसेज वाचलाय एवढं घरच्यांना कळावं, असा त्या "वाचलं"च्या खुणेमागचा विचार सांगितला जातो.

वसंतराव: म्हणजे ती खूण हयातीचा दाखलाच की!

ऋतुजा: हो काका! माणूस आहे, ठीक आहे, एवढंच सांगायला ती आली. तिच्यावरून आपण "मुद्दाम टाळलं" असं वाचायला लागलो. टिक फार थोडं सांगते. फोन पोराच्या हातात असेल तरी ती निळी होते. उलट वरच्या नोटिफिकेशनमध्येच मेसेज वाचला तर निळी होतच नाही.

मंगलाकाकू: पण नात तर म्हणाली सगळ्यांनी वाचलंय.

ऋतुजा: काकू, तुमच्या मेसेजवर बोट दाबून ठेवा, मग इन्फो उघडा. ग्रुपवर टिक निळी होते ती झाडून सगळ्यांनी वाचल्यावरच. आणि स्वतःची निळी टिक कोणी बंद ठेवली असली तरी ग्रुपमध्ये ती लपत नाही. त्यामुळे इथे नेमकं कळेल.

मंगलाकाकू: बघितलं. टिक करडीच आहे अजून. वाचलेले बरेच आहेत, पण निम्म्याअधिकांना नुसता पोहोचलाय. शिर्के, तुमचं नाव वाचलेल्यांत आहे हो.

शिर्केकाका: आहे, काकू. सोमवारी अकराला माझी गाडी काढतो, रावपुऱ्याला जाऊ.

नितीन: काका, बँकेत कशाला? चेहऱ्यावरून होतं आता, घरबसल्या. आईचं मीच केलं मागच्या वर्षी.

मंगलाकाकू: चेहऱ्यावरून? ह्यांची नोकरी प्रतापनगरला, म्हणजे केंद्राची पेन्शन. चालेल का तिला?

ऋतुजा: रेल्वेला चालतं, फॅमिली पेन्शनलाही. फोनवर जीवन प्रमाण आणि आधार फेसआरडी अशी दोन अ‍ॅप लागतात. पेन्शनच्या कागदावरचा पीपीओ नंबर, बँकेचं पासबुक आणि आधार काढून ठेवा. मोबाइलही जवळ असू द्या, ओटीपी येतो. फोटो उजेडात काढायचा, खिडकीपाशी. झालं की मेसेजवर प्रमाण आयडी येतो, तो पेन्शनच्या फाइलीत लिहून ठेवायचा.

मंगलाकाकू: तीस तारखेच्या आत व्हायला हवं.

ऋतुजा: आज साडेसहाला येते. चष्मा काढून बसावं लागेल थोडा वेळ.

शिर्केकाका: मंडळी, एक विनंती. कोणी मदत मागितली तर "जमेल" किंवा "जमणार नाही" एवढं तरी लिहा. अंगठा नको, शब्द लिहा.

हेतल: लिहीन. काकू, सोमवारी मला जमणार नाही, मंगळवारी कधीही जमेल.

नितीन: मला रविवारी जमेल. आज फोन अडला तर मी येतो.

मंगलाकाकू: ऋतुजा, ये. पीपीओचा कागद सापडला, कपाटात ह्यांच्या पासाखालीच होता.