गेम क्रॅश झाली की थेट फॉरमॅट? माझा ठाम विरोध

रात्रपाळी

डेस्कटॉपवर गेम मध्येच बंद पडायला लागली की आपल्याकडे पहिला सल्ला ठरलेला असतो: "फॉरमॅट मार," म्हणजे ड्राइव्ह पुसून विंडोज नव्याने टाक. मला हा सल्ला पटत नाही. फॉरमॅटमध्ये सगळ्यात आधी पुरावा पुसला जातो.

विंडोज क्रॅशच्या नोंदी ठेवतं. स्टार्टमध्ये 'रिलायबिलिटी' टाइप करा, तारखांचा तक्ता उघडतो आणि क्रॅशच्या दिवशी लाल फुली दिसते. फुलीवर क्लिक करून तपशील उघडला की 'फॉल्टिंग मॉड्यूल' म्हणून एका फाइलचं नाव सापडतं. दरवेळी तेच नाव असेल तर दोष बहुधा सॉफ्टवेअरचा: ती गेम, एखादा मॉड (गेममध्ये बाहेरून केलेला बदल), ओव्हरले (गेमच्या वर आकडे किंवा चॅट दाखवणारं सॉफ्टवेअर), ड्रायव्हर (हार्डवेअर चालवणारं सॉफ्टवेअर). आज गेमची फाइल, उद्या विंडोजची, परवा गेम बंद असताना ब्राउझरच पडला, असं असेल तर रॅम किंवा प्रोसेसरवर संशय घ्या. इव्हेंट व्ह्यूअरमध्ये, म्हणजे विंडोजच्या नोंदवहीत, 'व्हिया-लॉगर'ची (WHEA-Logger) एरर असेल तर हार्डवेअरनेच तक्रार नोंदवलेली आहे, तिथे विंडोज कितीदाही टाका.

त्याच नोंदवहीत 'कर्नल-पॉवर ४१' दिसली की लोक एसएमपीएस (पीसीचा पॉवर सप्लाय) बदलायला धावतात. ती नोंद एवढंच म्हणते की मशीन नीट शटडाउन न होता बंद पडलं. कारण ती सांगत नाही.

आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी, यात लोकांचे पैसे जातात. मला त्याचा राग येतो.

सोल्डरगन

असहमत. माझं रिपेअरिंगचं दुकान आहे. माझ्याकडे येणाऱ्या पीसीत जुन्या ग्राफिक ड्रायव्हरवर नवा चढवलेला असतो, दोन-दोन अँटीव्हायरस, पंख्यांच्या लाइटची वेगवेगळी सॉफ्टवेअर आणि वर क्रॅक केलेल्या गेम्स. यातलं एकेक काढून बघत बसलो तर आठवडा जाईल.

मी काय करतो ते सांगतो. गिऱ्हाइकाची एसएसडी (विंडोज आणि गेम्स असलेली ड्राइव्ह) काढून बाजूला ठेवायची, दुकानातली दुसरी लावायची, तिच्यावर कोरं विंडोज, एकच ताजा ड्रायव्हर आणि तीच गेम. तरीही पडली तर हार्डवेअर. नाही पडली तर त्याचं विंडोज. तुमच्या नोंदी अंदाज देतात, माझ्या पद्धतीत उत्तर मिळतं.

रात्रपाळी

तुमची पद्धत चांगलीच आहे, पण ती फॉरमॅट नव्हे, चाचणी आहे. मूळ ड्राइव्हला तुम्ही हात लावत नाही, म्हणजे पुरावा शाबूत. माझा विरोध आहे तो काही न बघता सी ड्राइव्ह पुसण्याला. शिवाय घरी जादा एसएसडी कोणाकडे असते? कॉलेजच्या पोराला फुकटात करता येईल असं पहिलं पाऊल हवं, आणि ते नोंद वाचणं हेच.

वऱ्हाडी माणूस

तुम्ही दोघंही पीसीच्या डब्याच्या आतच बघताय. आमच्याकडे अकोल्यात आधी भिंतीचा बोर्ड बघावा लागतो.

घरोघरी ६०० व्हीएचा यूपीएस असतो. त्याची खरी ताकद साधारण ३६० वॉट. गेमिंगचं ग्राफिक कार्ड, प्रोसेसर आणि मॉनिटर मिळून गेमच्या भरात ४०० सहज ओलांडतात. लाइट स्थिर असेपर्यंत बरेचदा काही कळत नाही. मे महिन्यात संध्याकाळी गल्लीतले सगळे एसी-कूलर सुरू होतात, व्होल्टेज खाली येतं, यूपीएस बॅटरीवर जातो आणि ओव्हरलोड होऊन 'टुंई' करत बसतो. पीसी गपकन बंद. एक्सेल चालू असताना असं होत नाही, म्हणून माणूस गेमला शिव्या घालतो.

गेम पडून डेस्कटॉप दिसतोय की अख्खं मशीन बंद होतंय, हा प्रश्न नोंदींच्याही आधी विचारा. मशीनच बंद होत असेल तर एकदा यूपीएस वगळून खेळून बघा. ग्राफिक कार्डाला एकाच केबलची दोन टोकं जोडलीत की दोन वेगळ्या केबली, हेही बघा; वेगळ्या असलेल्या बऱ्या.

मेगाहर्ट्झ

वऱ्हाडींशी सहमत. धाग्याच्या मूळ मुद्द्याशी मात्र नाही, कारण एरर दिशाभूलही करते. २०२४ चं इंटेल प्रकरण घ्या. १३व्या आणि १४व्या पिढीच्या डेस्कटॉप प्रोसेसरवर, विशेषतः आय९ वर, अनरियल इंजिनवर (गेम बनवायचं सॉफ्टवेअर) बनलेल्या गेम्स पडायच्या आणि स्क्रीनवर संदेश यायचा: व्हिडिओ मेमरी संपली. कोणीही ग्राफिक कार्डावरच संशय घेईल. प्रत्यक्षात शेडरचा (गेमचं चित्र रंगवणारे छोटे प्रोग्राम) डेटा उलगडताना प्रोसेसर चुकत होता. प्रोसेसरला गरजेपेक्षा जास्त व्होल्टेज मिळत होतं, आणि त्याने तो कायमचा झिजत होता. ऑगस्ट २०२४ मध्ये बायोसच्या (मदरबोर्डचं मूळ सॉफ्टवेअर) अपडेटमधून ०एक्स१२९ हा मायक्रोकोड (प्रोसेसरच्या आतल्या सूचनांची दुरुस्ती) आला, पाठोपाठ ०एक्स१२बी. कंपनीने वॉरंटीही दोन वर्षांनी वाढवली. पण आधीच झिजलेला प्रोसेसर अपडेटने बरा होत नाही, तो बदलूनच घ्यावा लागतो. नुसती एरर वाचणाऱ्याने इथे नवं कार्ड घेतलं असतं.

रात्रपाळी

हे उदाहरण माझ्याच बाजूचं आहे. गेमने स्क्रीनवर टाकलेला संदेश वेगळा आणि क्रॅशच्या नोंदींची मालिका वेगळी. वेगवेगळ्या गेम्स त्याच तक्रारीने पडतात आणि कार्डाची मेमरी तर अर्धी रिकामी आहे, हे टास्क मॅनेजरमध्ये दिसतं. एका एररवर कोणी निर्णय घेऊ नये. आणि इथे फॉरमॅटने काय साधलं असतं?

मेगाहर्ट्झ

काहीच नाही, मान्य. पण मग पहिलं पाऊल बायोसमध्ये असावं: एक्सएमपी, म्हणजे रॅम जास्त वेगाने चालवणारी सेटिंग, बंद. रॅमच्या खोक्यावर ३६०० लिहिलेलं असलं तरी तो वेग म्हणजे ओव्हरक्लॉकच. डीडीआर४चं प्रमाणित माप ३२०० ला संपतं. एक्सएमपी बंद करून दोन दिवस खेळा. क्रॅश थांबले तर एक्सएमपी परत चालू करून रॅमचा वेग एक पायरी खाली आणा. नाही थांबले तर पेन ड्राइव्हवरून मेमटेस्ट८६ (रॅम तपासणारा प्रोग्राम) रात्रभर लावा. त्यात एकही एरर आली तर ती रॅम एकेक काडी लावून तपासा.

सोल्डरगन

हे सगळं बरोबर आहे. पण फॉरमॅटचे पैसे लोक न बोलता देतात. मेमटेस्ट रात्रभर चालवून "उजवीकडची रॅम खराब" असं सांगितलं की विचारतात, "नुसतं बघायचे पैसे?" म्हणून गल्लोगल्ली फॉरमॅट चालतं.

रात्रपाळी

मग तपासणीचा दर पाटीवर लिहा, फॉरमॅटच्या वर. आणि पीसी परत देताना त्या लाल फुलीचा आणि मेमटेस्टच्या निकालाचा फोटो गिऱ्हाइकाला व्हॉट्सअ‍ॅप करा. कशाचे पैसे दिले ते त्याला दिसेल. मी तरी आनंदाने देईन.